पिवळा, पांढरा, लाल, काळा आणि भगवा: मिनिएचरवरचे हट्टी रंग बसवायचे कसे

२८ किंवा ३२ मिलिमीटरच्या मिनिएचरवर, म्हणजे युद्धखेळातल्या चिमुकल्या पुतळ्यावर, निळा, हिरवा, तपकिरी हे रंग दोन हातांत बसतात. पिवळ्याचे पाच हात मारले तरी खालचा काळा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) डोकावतच राहतो. पांढरा भुरभुरीत दिसतो, लाल उजळायला जावं तर गुलाबी होतो, आणि काळा एक तर सपाट डाग दिसतो नाहीतर राखाडी होऊन बसतो. यावर नवशिक्यांचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी एक हात. त्याने जाडी वाढते, चिलखतावरचे खिळे आणि चेहऱ्याच्या रेषा बुजतात, रंग मात्र होता तिथेच राहतो. या रंगांचा निकाल वरच्या हातात लागतच नाही. तो लागतो खालच्या अस्तरात आणि सावलीसाठी कोणता रंग निवडला त्यात.

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळातल्या सैन्यांत इम्पीरियल फिस्ट्स पिवळे, व्हाइट स्कार्स पांढरे, ब्लड एंजल्स लाल आणि ब्लॅक टेम्प्लर्स काळे, त्यामुळे या चार रंगांशी कधी ना कधी गाठ पडतेच. ऐतिहासिक सैन्यं रंगवणाऱ्यांची तर जास्तच पंचाईत होते. १८०३ च्या असईच्या लढाईतला कंपनी सरकारचा शिपाई घेतला, तर लाल कोट, त्यावर छातीवर फुलीसारखे जाणारे पांढरे पट्टे आणि काळी काडतूस-पेटी, असे तिन्ही हट्टी रंग एकाच बोटभर पुतळ्यावर येतात. खाली बहुतेक ठिकाणी सिटाडेल या ब्रँडच्या रंगांची नावं दिली आहेत, कारण ओळखायला ती सोपी पडतात. व्हॅलेहो, आर्मी पेंटर किंवा दुसरा कुठलाही अ‍ॅक्रिलिक चालेल. फक्त नाव न जुळवता रंगाची झाक आणि त्याची झाकण्याची ताकद जुळवा.

रंग झाकत का नाही

रंगद्रव्याचा कण आणि त्याला धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक यांच्या अपवर्तनांकात जितका फरक, तितका प्रकाश विखुरतो आणि तितका रंग अपारदर्शक होतो. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो. पांढऱ्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या आसपास, म्हणून तो भरपूर झाकतो. गेरू, पिवळी माती यांतली लोहाची ऑक्साइडंही चांगली झाकतात. झगझगीत लिंबू पिवळा आणि बरेचसे चकचकीत लाल सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात. त्यांचा अपवर्तनांक अ‍ॅक्रिलिकच्या बराच जवळ असल्याने प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो आणि खालचा रंग घेऊन परत येतो. खाली काळा असेल तर पिवळा शेवाळी दिसतो, कारण पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट ऑलिव्हच तयार होतो.

यावरून एक साधी रीत निघते. आधी मातकट, झाकणारा भाऊबंद लावायचा (पिवळ्यासाठी ऑकर, लालसाठी गेरूसारखा तांबूस) आणि त्यावर झगझगीत पण पारदर्शक रंग पातळ हातांनी चढवायचा. झाकण्याचं काम खालच्याचं, चमकण्याचं वरच्याचं.

कोणती बाटली किती झाकते हे तपासायला पांढऱ्या कार्डावर काळ्या परमनंट मार्करची रेघ ओढा, ती पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक रंगाचा एक पट्टा रेघेवरून आडवा मारा. वाळल्यावर रेघ दिसेनाशी झाली तर तो अस्तराचा रंग, स्पष्ट दिसली तर वरच्या हातांचा. हे कार्ड टेबलाजवळ टांगून ठेवा. बाटलीवरच्या वर्णनापेक्षा ते खरं बोलतं. कलाकारांच्या ट्यूबवर अनेकदा रंगद्रव्याचा संकेतांकही छापलेला असतो. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीवाय ४२ म्हणजे पिवळं लोह ऑक्साइड, पीवाय ७४ म्हणजे सेंद्रिय पिवळा, पीआर १०१ म्हणजे लाल लोह ऑक्साइड. मात्र ट्यूबमधला कॅनव्हाससाठीचा अ‍ॅक्रिलिक जाड असतो आणि ब्रशच्या खुणा धरून ठेवतो. पुतळ्याच्या तळाला आणि मैदानाच्या देखाव्याला तो उत्तम, चेहऱ्याला नाही. शाळेतले पोस्टर कलर तर अजिबात नकोत. पुढचा ओला हात लागला की ते सुटून येतात.

हात घालण्याआधी

बाटली किमान मिनिटभर हलवा. आत स्टेनलेस स्टीलची ५ मिलिमीटरची एक-दोन छर्ऱ्याची गोळी टाकली तर उत्तम. साधी लोखंडी गोळी गंजते आणि पिवळा-पांढरा कायमचा मळतो. नीट न हललेल्या रंगात रंगद्रव्य आणि चमक घालवणारी पूड तळाशीच राहते, मग वर येणारा रंग चकचकीत आणि निस्तेज असतो. पिवळा झाकत नाही ही तक्रार अर्ध्या वेळा इथेच मिटते.

वेट पॅलेट हवीच. घट्ट झाकणाचा चपटा डबा, त्यात भिजवलेला पातळ स्पंज आणि त्यावर बेकिंगसाठी मिळणारा बटर पेपर एवढं घरी जमतं. चित्रकलेचा ट्रेसिंग पेपर नको, तो भिजला की सुरकुततो आणि फाटतो. पावसाळ्यात स्पंजला वास येऊन बुरशी धरते, म्हणून उकळून गार केलेलं पाणी वापरा, दर तीन-चार दिवसांनी बदला आणि स्पंज साबणाने धुऊन कडकडीत वाळवा.

पातळ किती करायचं? अस्तराच्या हाताला दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी. वरच्या हातांना निम्मं-निम्मं, म्हणजे साय काढलेल्या दुधाइतकं. ग्लेझला, म्हणजे अगदी पारदर्शक हाताला, एक भाग रंग आणि सहा ते आठ भाग मीडियम (रंगद्रव्य नसलेलं पातळ करायचं द्रव्य), यात निव्वळ पाणी नको. पाणी फार झालं की रंग धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिकच विरळ होतं. मग रंग कडेला वाहत जातो, वाळल्यावर पाण्याचे कडे उमटतात आणि बोटाने घासलं तर निघतोही. लाहमियन मीडियम किंवा व्हॅलेहोचं ग्लेझ मीडियम वापरलं तर रंग पातळ होतो पण पकड सुटत नाही.

ब्रश ० नंबरचा बारीक घेण्यापेक्षा १ किंवा २ नंबरचा, टोक नीट जुळणारा घ्या. बारीक ब्रशमध्ये रंग मावत नाही आणि पुतळ्यापर्यंत पोचेपर्यंत टोकावरच वाळतो. पांढऱ्याच्या बाबतीत हे फार जाणवतं. टेबलावरचा दिवा ५,००० ते ६,५०० केल्विनचा पांढरा हवा. पिवळट बल्बखाली पिवळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून जातात आणि सकाळी उजेडात पाहिलं की सगळं ठिगळासारखं दिसतं. रंगवताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, मे महिन्यातही. त्याच्या वाऱ्याने रंग ब्रशवर आणि पुतळ्यावर अर्धवट वाळतो आणि पुढच्या फटकाऱ्याला ओरखडे पडतात.

पिवळा

पाचांतला सगळ्यात चुकणारा रंग हाच, म्हणून याच्यावर जास्त थांबू. इथे चिलखत घातलेला सैनिक धरला आहे.

१. प्रायमर काळा नको. रेथबोनसारखा उबदार मलईरंगाचा स्प्रे सगळ्यात सोयीचा. पांढराही चालतो, पण खाचेत पिवळा नीट पोचला नाही तर तिथे पांढरे ठिपके उघडे पडतात. पुतळा आधीच काळा मारून झाला असेल तर मॉर्नफँग ब्राउनसारख्या तांबूस तपकिरीचा एक हात मधे घ्या. काळ्यावरून थेट पिवळ्यावर उडी मारू नका.

२. आता गुलाबी. तीन भाग पांढरा आणि एक भाग लाल मिसळून दोन पातळ हात. पहिल्यांदा वेडेपणा वाटतो, पण कारण सरळ आहे. पिवळ्यातून आरपार गेलेला प्रकाश गुलाबीवरून परततो, त्यामुळे पातळ राहिलेल्या जागी पिवळा हिरवट न होता केशरीकडे झुकतो. हीच नैसर्गिक सावली. संपूर्ण पलटण रंगवायची असेल आणि वेळ नसेल तर ही पायरी गाळून पुढचा ऑकर रेथबोनवर थेट मारा. टेबलाच्या अंतरावरून फरक थोडाच दिसतो. प्रदर्शनात ठेवायच्या पुतळ्याला मात्र गुलाबी सोडू नका.

३. अ‍ॅव्हरलँड सनसेट किंवा ऑकर आणि पिवळा १:२. दोन हात, मधे दहा मिनिटं. ब्रश एकाच दिशेने ओढा आणि प्रत्येक फटकारा जिथे सावली हवी तिथे संपवा, कारण फटकारा संपतो तिथे रंग जास्त साचतो. अर्धवट वाळलेल्या जागी परत जाऊ नका. पिवळ्यावरचे बहुतेक चट्टे या एका घाईतून येतात. चट्टा पडलाच तर पूर्ण वाळू द्या आणि वरून पुढचा हात मारा.

४. सावली. काळा वॉश (खाचेत साचून सावली देणारा पातळ रंग) पिवळ्यावर गेला की तो पुन्हा हिरवट होतो, मळका होतो आणि मागे फिरता येत नाही. अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड सरसकट फासणंही तितकंच वाईट. राइकलँड फ्लेशशेड आणि मीडियम निम्मं-निम्मं घ्या, ब्रशचं टोक कागदावर टिपून घ्या आणि फक्त खाचेत लावा. पत्र्यांच्या सांध्यात, पट्ट्याखाली, काखेत. सपाट जागेवर थेंब साचला तर ओल्या स्वच्छ ब्रशने लगेच शोषून घ्या.

दुसरा मार्ग तैलरंगाचा, आणि मोठ्या रणगाड्यांना तोच बरा. बर्न्ट सिएना तैलरंग बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचेच्या एका टोकाला टेकवायचा. तो स्वतःच पूर्ण खाचेतून धावतो. याआधी अ‍ॅक्रिलिकचं ग्लॉस वार्निश मारून एक दिवस वाळवणं आवश्यक, नाहीतर तो मॅट पृष्ठभागात मुरून डाग पाडतो. अर्ध्या तासाने कापसाच्या बोळ्याने जादा पुसून घ्या. काम करताना खिडकी उघडी ठेवा.

५. यिरिएल यलो किंवा मधला पिवळा, निम्मं-निम्मं पातळ, दोन ते तीन हात. खाचेलगत केसभर ऑकर उघडा ठेवा. इथे पिवळा खऱ्या अर्थाने पेटतो, आणि खाली ऑकर असल्याने तीन हातांतच पेटतो.

६. उजेड. पिवळ्यात शुद्ध पांढरा घातला की तो थंड, लिंबोळी आणि निर्जीव होतो. आयव्हरी घाला. आधी पिवळा २ भाग आणि आयव्हरी १ भाग, कडांवर. मग पिवळा १ आणि आयव्हरी २, फक्त वरच्या कोपऱ्यांवर टिपक्याएवढा. कडेला रंगवताना ब्रशचं टोक नाही, ब्रशची बाजू कडेवरून ओढा, रेघ आपोआप बारीक येते.

७. शेवटी सगळं एकजीव करायला पिवळी इंक एक भाग आणि मीडियम आठ भाग, असा एकच ग्लेझ. उजेडाचा भुरकटपणा याने जातो. सावल्या आणखी गडद हव्या असतील तर जांभळ्याचा अगदी विरळ ग्लेझ खाचेच्या तळाशी चालतो. जांभळा पिवळ्याचा विरोधी रंग असल्याने त्याने सावली खोल दिसते, पण एक थेंब जास्त झाला तर जखमेसारखा डाग दिसेल.

एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणाऱ्या कॉन्ट्रास्ट रंगांचा विचार करत असाल तर, सिटाडेलचे हे रंग २०१९ मध्ये आले तेव्हापासून रेथबोनवर इयांडेन यलोचा एक हात ही सर्वात झटपट रीत आहे. केस, कापड, घड्या यांवर ती छान उतरते. रुंद सपाट पत्र्यावर मात्र रंग मधे डबक्यासारखा साचतो. तिथे थोडा रंग ओल्या ब्रशने खाली ओढून काढावा लागतो. आर्मी पेंटरच्या २०२२ च्या पहिल्या स्पीडपेंटवर (हा कॉन्ट्रास्टसारखाच रंग) ओला हात गेला की तो पुन्हा विरघळायचा. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं. जुनी बाटली हाती असेल तर तिच्यावर लेअर चढवण्याआधी वार्निश मारा.

एवढं करूनही कुठे चट्टा राहिलाच तर स्पंजचा तुकडा तोडून ऱ्हायनॉक्स हाइड या गडद तपकिरीत बुडवा, कागदावर बराचसा टिपून घ्या आणि त्या जागी हलके टोका. रणांगणावर चिलखताचा रंग उडतोच. ही पळवाट आहे हे खरं, पण चांगली पळवाट आहे.

पांढरा

पांढऱ्याचं दुखणं उलटं. तो झाकतो, पण त्याच्या वर जायला जागा नाही. सगळा पुतळा शुद्ध पांढऱ्याने रंगवला की उजेड दाखवायचा कशाने? म्हणून पांढरा पुतळा मुळात फिकट राखाडी रंगवायचा, आणि शुद्ध पांढरा पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. बाकीचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो.

आधी ठरवा, थंड की उबदार. बर्फ, चिलखत, रुग्णसेवकाचा डगला यांना निळसर राखाडीतून येणारा थंड पांढरा. सुती कापड, जुनं हाड, घोड्याची आयाळ, कातडी पट्टे यांना खाकी-मलईतून येणारा उबदार. एकाच पुतळ्यावर दोन्ही ठेवले तर चिलखत आणि कापड वेगळं ओळखू येतं.

थंड पांढऱ्यासाठी ग्रे सीअर किंवा कुठलाही फिकट राखाडी प्रायमर. त्यावर सेलेस्ट्रा ग्रे दोन हात, मग उल्थुआन ग्रे, खाचेपासून सुमारे अर्धा मिलिमीटर आत थांबून, दोन-तीन पातळ हात. शेवटी व्हाइट स्कार हा शुद्ध पांढरा कडांवर आणि गुडघा, खांदा, शिरस्त्राणाचा माथा अशा वर बघणाऱ्या जागांवर. खाचेत काळी रेघ ओढू नका, व्यंगचित्र दिसतं. गडद निळसर राखाडी पुरे. सगळ्या पुतळ्यावर वॉश फिरवणं हा पांढरा बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण सपाट भागावर राहिलेला प्रत्येक डाग परत तीन-चार हात मागतो.

उबदारसाठी रकार्थ फ्लेश, मग पॅलिड विच फ्लेश, मग आयव्हरी, आणि शुद्ध पांढऱ्याचे मोजके ठिपके. सावलीला सेराफिम सेपिया मीडियममध्ये घालून, फक्त घडीच्या तळाशी.

पांढरा भुरभुरीत होतो याची कारणं तीन. बाटलीतला रंग दाट, तो ब्रशवर लवकर वाळतो आणि वाळलेले कण पुढच्या फटकाऱ्याने पुतळ्यावर फरफटतात. त्यामुळे दर मिनिटाला ब्रश धुवा, ओल्या पॅलेटवर थेंब लहान घ्या आणि पाण्याऐवजी ग्लेझ मीडियम वापरा. त्याहून बरी युक्ती म्हणजे पांढरी अ‍ॅक्रिलिक इंक. डेलर-राउनीच्या एफडब्ल्यू मालिकेतली पांढरी आणि बाटलीतला पांढरा निम्मं-निम्मं मिसळले की रंग वाहता राहतो आणि झाकतोही. खरखरीत झालेला भाग रंगवून सुधारत नाही. पूर्ण वाळू द्या, २,००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि मग एक पातळ हात द्या.

लाल रंग धुतलेल्या पाण्यात पांढऱ्याचा ब्रश बुडवला तर पांढरा गुलाबी होणारच. दोन ग्लास ठेवा, शक्यतो तीन.

लाल

लालाची पहिली गडबड उजेडात होते. पांढरा घातला की गुलाबी, पिवळा फार घातला की नारिंगी. मेफिस्टन रेड चांगला झाकतो म्हणून तो पायाला ठीक. प्रायमर मात्र तांबूस तपकिरी किंवा काळ्यावर वरून तपकिरी फवारलेला असावा. पांढऱ्या प्रायमरवर लाल मारला तर न पोचलेल्या कोपऱ्यात गुलाबी रेषा उरतात, थेट काळ्यावर तो विझलेला दिसतो.

पाया दोन हात मेफिस्टन रेड. सावलीसाठी खोर्न रेडमध्ये चौथा हिस्सा ऱ्हायनॉक्स हाइड, मीडियमने पातळ करून घड्यांच्या तळाशी. आणखी खोल हवं असेल तर किंचित गडद हिरवा किंवा निळा मिसळा. विरोधी झाकेमुळे लाल काळवंडतो, पण मरत नाही. निव्वळ काळा घातल्यावर मात्र तो निर्जीव तपकिरी होतो. वरच्या भागावर ईव्हल सन्झ स्कार्लेट, कडांवर वाइल्ड रायडर रेड, आणि नाकाच्या शेंड्याएवढ्या दोन-तीन टोकांवर त्यातच थोडा फिकट त्वचारंग मिसळून. पिवळ्यापेक्षा त्वचारंगाने उजळलेला लाल लालच राहतो. शेवटी लाल इंक एक भाग, मीडियम आठ भाग, एक ग्लेझ. केशरी झुकलेल्या कडा याने परत लालात येतात, आणि इथे हात आखडू नये, कारण लालाची खरी झळाळी याच हातात आहे.

ब्रिटिश आणि कंपनीच्या पलटणी रंगवणाऱ्यांसाठी एक उपयोगी तपशील. साध्या ब्रिटिश सैनिकाचा कोट मंजिष्ठेच्या जातीतल्या मॅडरच्या रंगाचा, म्हणजे विटकरी, आणि अधिकाऱ्याचा कोचिनियल किड्यांपासून काढलेल्या भडक लाल रंगाचा. म्हणून शिपायांना ईव्हल सन्झपर्यंत नेऊच नका. मेफिस्टन रेडमध्ये पाचवा हिस्सा तपकिरी मिसळा, हिंदुस्थानच्या उन्हात विटलेला कोट तसाच दिसेल. पूर्ण झळाळी अधिकाऱ्यासाठी राखा. रांगेत उभे केल्यावर अधिकारी लगेच डोळ्यात भरतो.

आता त्यावरचे फुलीचे पांढरे पट्टे. कोट पूर्ण झाल्यावर पट्ट्याची सगळी रुंदी ऱ्हायनॉक्स हाइडने रंगवा, दोन्ही कडांना थोडी बाहेर गेली तरी चालेल. त्यावर मधला राखाडी, दोन्ही बाजूंना तपकिरीची केसभर रेघ सोडून. मग फिकट राखाडी, आणि छातीच्या उंचवट्यावर व खांद्यावर शुद्ध पांढरा. ही तपकिरी रेघ नसेल तर लाल आणि पांढरा एकमेकांत घुसतात आणि हातभर अंतरावरून पट्टा गुलाबी भासतो. हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा, कोपर टेबलावर, आणि पुतळा बाटलीच्या बुचावर ब्लू टॅकने चिकटवून धरा. पांढरा बाहेर गेला तर तो ओला असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशने पुसा. वाळल्यावर लालाचे दोन हात द्यावे लागतात, कारण पांढऱ्यावर लाल पटकन झाकत नाही.

काळा

काळ्याला फार शब्द नकोत. शुद्ध काळा फक्त खाचेत, पायाला गडद राखाडी किंवा गडद निळसर, आणि उजेड जितका कमी तितका बरा. पृष्ठभागाचा पाचवा हिस्सा उजळला की काळा राखाडी झालाच म्हणून समजा.

फरक पडतो तो कशाचा काळा आहे यावर. चिलखताच्या काळ्याला पायावर गडद राखाडी, खाचेत अ‍ॅबॅडन ब्लॅक, कडांना डार्क रीपर, त्यातल्याही वरच्या कडांना थंडरहॉक ब्लू आणि कोपऱ्यांना फेनरिसियन ग्रेचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, सगळं अरुंद आणि धारदार. कापडाच्या काळ्याला रुंद, मंद, तपकिरी झाकेचा उजेड. काळ्यात तिसरा हिस्सा ऱ्हायनॉक्स हाइड, मग त्यात थोडा खाकी, आणि पांढऱ्याचं टोक अजिबात नाही. कातडी काडतूस-पेटी आणि बूट यांना कडेने तपकिरी घासलेपणा आणि मधे एक छोटी चमक. तीनही काळे एकाच सूत्राने रंगवले तर पुतळा एकाच पदार्थाचा ओतलेला वाटतो.

उजेड जास्त झाला तर काळी इंक मीडियममध्ये खूप पातळ करून एक हात, सगळं खाली बसतं.

भगवं निशाण

मराठ्यांची फौज करणाऱ्यांना निशाणापाशी अडायला होतं. बाटलीतला नारिंगी थेट मारला तर प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो, पिवळा वाढवला तर हळदीकडे जातो. गेरूरंगापासून वर या. लाल लोह ऑक्साइड आणि नारिंगी निम्मं-निम्मं हा पाया, दोन हात. त्यावर नारिंगी तीन भाग आणि ऑकर एक भाग, घडीच्या तळाला सोडून. उंचवट्यांवर त्यातच फिकट त्वचारंग, आणि अगदी शेवटी नारिंगी इंकचा पातळ ग्लेझ. सावलीला तांबूस तपकिरी, काळा कदापि नाही.

निशाण कागदाचं किंवा पातळ पत्र्याचं असेल तर रंगवण्याआधी ब्रशच्या दांड्यावर गुंडाळून त्याला लाटा द्या. आणि हे विसरू नका की एका बाजूचा उंचवटा म्हणजे दुसऱ्या बाजूची खाच. पुढे जिथे उजेड, तिथे मागे सावली. दोन्ही बाजूंना एकाच जागी उजेड दिला की कापड लाकडी फळी होतं, आणि ही चूक बऱ्याच चांगल्या रंगवलेल्या फौजांतही दिसते.

स्प्रे, दमट हवा आणि वार्निश

कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमर आणि मॅट वार्निश दोन्ही धोक्याचे. दमट हवेत फवाऱ्यातला विद्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि वार्निश दुधाळ पांढरं पडतं. काळ्या आणि लाल पुतळ्यावर ते लगेच डोळ्यात खुपतं. त्या महिन्यांत ब्रशने लावायचं अ‍ॅक्रिलिक वार्निश आणि ब्रशचाच पॉलियुरेथेन प्रायमर वापरा, दोन पातळ हात, पाणी न घालता, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा त्रास वेगळा. फवारा हवेतच वाळून पुतळ्यावर पूड बसते आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. सकाळी लवकर फवारा, डबा २० ते २५ सेंटिमीटरवर धरा, फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा.

वार्निशचा हात रंगाप्रमाणे बदला. मॅट वार्निश प्रकाश विखुरतं म्हणून काळा थोडा राखाडी होतो. काळ्याला आणि गडद लालाला सॅटिन लावा. पांढऱ्याला आणि कापडाला मॅट. खेळताना सतत हाताळल्या जाणाऱ्या पुतळ्यांना आधी ग्लॉसचा एक हात, तो एक दिवस वाळला की वरून मॅट. ग्लॉस झिजेला जास्त टिकतो. पिवळ्या आणि पांढऱ्या पुतळ्यांच्या खांद्यांवर बोटांचं तेल आधी दिसतं, म्हणून तिथे ग्लॉसचे दोन हात द्या, आणि वार्निश वाळेपर्यंत पुतळे झाकलेल्या डब्यात ठेवा, नाहीतर पांढऱ्यावर पडलेला एक कापसाचा तंतू पुन्हा तिथूनच सगळं रंगवायला लावेल.